कुंडलची हद्द

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘आपलं घर’ आहे. एकेचाळीस सदस्य. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी लग्नाच्या पत्रिका, रात्री राजकारण. मध्यंतरी कुणीतरी एक बातमी टाकली. दोन-तीन युरोपीय देशांच्या खासदारांनी मिळून भारतातल्या एका अटकेबद्दल चिंता व्यक्त करणारं पत्रक काढलं होतं. विट्याचा माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, त्याने लगेच लिहिलं, “ह्यांना कुणी बोलावलंय? आमच्या घरातलं आम्ही बघून घेऊ.” खाली नऊ अंगठे उमटले. त्यातला एक माझ्या वडिलांचा.

मी तीन परिच्छेदांचं उत्तर टाइप केलं. लोकशाही ही कुणा एकाच्या घरची नसते, माणसाच्या हक्कांना सीमा नसतात, वगैरे. पाठवायच्या आधी एकदा वाचलं आणि पुसून टाकलं. घाबरून नव्हे, दादा काही मला खाणार नव्हता. पुसलं अशासाठी, की लिहिलेलं माझं मलाच पटेना. ‘सीमा नसतात’ या शब्दांपाशी मला माझी आजी आठवली, आणि तिचं कुंडल.

आजी कुंडलजवळच्या एका वाडीची. १९४३ साली ती सात-आठ वर्षांची असेल. तिची आई भाकऱ्यांचं गठुडं तिच्या डोक्यावर द्यायची आणि सांगायची, अमक्या मळ्यात ठेवून ये, मागं बघू नको. भाकऱ्या कुणासाठी हे तिने कधी विचारलं नाही, कळायचंच. आणि एक वाक्य ती कायम म्हणायची, “पोलीस मागं लागलं, तरी हद्द वलांडली की सुटला म्हणायचं.” लहानपणी मला वाटायचं, हद्द म्हणजे कबड्डीतल्यासारखी जमिनीवर मारलेली रेघ असणार.

तशीच होती ती जवळजवळ. आज आपण ज्याला सांगली जिल्हा म्हणतो त्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. या इंग्रजी मुलखात मधूनमधून संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते, गोधडीला ठिगळं लावावीत तसे. औंध हे त्यातलंच एक. राजधानी खटाव भागात, यमाईच्या डोंगराखाली. पण त्याचा एक तालुका आटपाडी, एक तिकडे विजापूरच्या बाजूला गुणदाळ, आणि एक कुंडल. म्हणजे तासगाव-वाळव्याच्या इंग्रजी गावातून निघालेला माणूस काही कोस चालला की राज्य बदलायचं. मुंबई प्रांताच्या पोलिसाला तिथे सरळ घुसता येत नसे, सोपस्कार करावे लागत. आणि औंधच्या दरबाराला त्या सोपस्कारांची फारशी घाई नसायची.

नाना पाटलांचं प्रतिसरकार ज्या आधारांवर उभं राहिलं, त्यातला हा एक. १९४३ ते १९४६ या काळात शेकडो गावांत इंग्रजांचा अंमल नावापुरता उरला. न्यायदान मंडळं तंटे सोडवत होती, दारूबंदी होत होती, सावकारांची दप्तरं तपासली जात होती, हुंडा-मानपानाशिवाय लग्नं लागत होती. कुंडलला जी. डी. बापू लाडांची तुफान सेना कवायत करत होती. हे सगळं सोवळं होतं असं मी म्हणणार नाही. खबऱ्यांच्या तळपायांवर जो मार बसायचा त्यावरूनच लोकांनी ‘पत्री सरकार’ हे नाव पाडलं, आणि त्या माराचा निवाडा करायला वर कुठलं कोर्ट नव्हतं. तरी मला ही आपल्याकडच्या लोकशाहीची एक खरी सुरुवात वाटते. कुणी दिली नव्हती, लोकांनी चालवून बघितली होती. आणि ती टिकली, याला एक रेघ कारणीभूत होती. ‘इथून पुढे तुमचा अंमल नाही’ असं म्हणणारी रेघ.

म्हणून दादाचं ‘आमच्या घरातलं आम्ही बघू’ मला हसण्यावारी नेता येत नाही. बाहेरच्याने हद्दीवर थांबावं, हा नियम फक्त हुकूमशहांच्या सोयीचा असता तर माझं उत्तर सोपं होतं. पण त्याच नियमाने आजीच्या भाकऱ्या खाणारी माणसं वाचली होती.

आता दुसरी बाजू. कॉलेजला असताना मी सांगलीत विश्रामबागला आत्याकडे राहायचे. समोरच्या फ्लॅटमध्ये एक जोडपं होतं. आठवड्यातून एखाद्या रात्री तिकडून आवाज यायचे. आधी भांड्याचा, मग त्याचा, मग तिचा. घरमालकांना मी एकदा सांगितलं, तर ते म्हणाले, त्यांच्या घरचा मामला आहे, आपण पडू नये. मीही पडले नाही. मी हेडफोन लावायचे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आत्या एका रात्री उठली, वाटी घेतली आणि समोरची बेल दाबली. “वाटीभर साखर आहे का?” तो साखर आणायला आत गेला, ती दारातच उभी राहिली. घरात पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात ती बाई भेटली तेव्हा आत्याने एवढंच विचारलं, “अशी येत जाऊ का नको?” ती म्हणाली, “येत जा.” तिसऱ्या खेपेला त्या माणसाने दार उघडून विचारलं, “आज पण साखर संपली का?” आत्या म्हणाली, “हो.” काही महिन्यांनी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. त्यात आत्याच्या वाटीचा काही हात होता का, मला माहीत नाही. आत्यालाही नाही.

एका देशाच्या लोकप्रतिनिधीने दुसऱ्या देशाच्या लोकशाहीबद्दल बोलावं की नाही, या प्रश्नाशी मी झगडते तेव्हा माझ्यासमोर या दोन गोष्टी असतात: कुंडलची हद्द आणि आत्याची वाटी. दोन्ही मला खऱ्या वाटतात आणि दोन्ही एकमेकींच्या आड येतात.

साताऱ्याला हा प्रश्न फार जुना आहे. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कारस्थानाचा आरोप ठेवून गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोचले. सहा महिन्यांत काम होईल अशा बेताने माणूस जातो. रंगो बापूजी परत आले १८५३ मध्ये. मधल्या काळात प्रतापसिंह वारले, त्यांच्या जागी बसवलेला भाऊ वारला, १८४८ मध्ये डलहौसीने सातारचं राज्यच खालसा केलं. पैसे संपले, कर्ज झालं, हा माणूस अर्ज लिहीत राहिला.

आपल्या विषयाशी संबंध इथे येतो, की तिथे त्यांना साथीदार मिळाले, आणि ते ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य होते. जोसेफ ह्यूम यांनी सातारचं प्रकरण हाउस ऑफ कॉमन्ससमोर नेलं. जॉर्ज थॉम्पसन हे गुलामगिरीविरुद्ध इंग्लंड-अमेरिकेत भाषणं करत फिरलेले वक्ते, १८४७ मध्ये लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समधून निवडून आले. तेही सातारसाठी वर्षानुवर्षं बोलत राहिले, आधी कंपनीच्या भागधारकांच्या सभेत आणि मग पार्लमेंटमध्ये. म्हणजे ‘एका देशाच्या लोकप्रतिनिधींनी दुसऱ्या देशातल्या अन्यायाविरुद्ध उभं राहणं’ ही काही आजच्या ट्विटरवरची फॅशन नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या गुप्ते आडनावाच्या माणसाने ते घडवून आणलेलं आहे.

ते हरले. प्रत्येक वेळी हरले. आणि मला वाटतं ते हरण्याचं कारण नुसता कंपनीचा दुष्टपणा नव्हता. थॉम्पसन कितीही तळमळीने बोलले तरी त्यांना निवडून देणारे टॉवर हॅम्लेट्सचे मतदार होते. सातारच्या माणसाला तिथे मत नव्हतं. थॉम्पसन चुकले असते, कंटाळले असते, विषय सोडून दिला असता, तर साताऱ्यात कुणी त्यांचा पराभव करू शकलं नसतं. परक्या देशाचा खासदार तुमच्यासाठी बोलतो तेव्हा तो तुमच्यावर उपकार करत असतो. आपल्या खासदाराशी आपलं नातं उपकाराचं नसतं. तो पाच वर्षांनी दारात येतो, हात जोडतो, आणि आपण ‘बघू’ म्हणतो. त्या ‘बघू’त सगळी लोकशाही आली.

याच लंडनमध्ये, कंपनीच्या कचेरीत, संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचा मसुदा करणारा एक अधिकारी होता: जॉन स्टुअर्ट मिल. होय, तोच, स्वातंत्र्यावर पुस्तक लिहिणारा. १८५९ मध्ये त्याने परकीय हस्तक्षेपावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की लोकांना स्वातंत्र्य बाहेरून मिळवून देता येत नाही. ज्यांनी ते मिळवायला स्वतः कष्ट उपसलेले नाहीत, त्यांच्या हातात ते टिकत नाही. कुंडलच्या नातीला हे ताबडतोब पटतं. पण पुढे मिल म्हणतो, की हा नियम ‘सुधारलेल्या’ राष्ट्रांपुरता; रानटी लोकांना तो लागू नाही. आपण कुठल्या खान्यात होतो हे सांगायला नको. ज्या टेबलावरून सातारसारख्या राज्यांची पत्रं जात-येत होती, तिथल्याच माणसाने जगाला ‘दुसऱ्याच्या घरात पडू नका’ हा नियम समजावला आणि आपल्या घराला त्यातून वगळलं. तेव्हापासून मी कुठल्याही देशाच्या खासदारांचं पत्रक वाचताना आधी बघते, की यांच्या यादीत यांचे मित्रदेश आहेत का.

रंगो बापूजी परत आले आणि चार वर्षांत १८५७ उजाडलं. साताऱ्यात उठावाचा कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर १७ जणांना देहदंड दिला गेला, त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी सापडले नाहीत. कुठे गेले, कधी वारले, कुणालाच कळलं नाही. तेरा वर्षं अर्ज करून बघितलेल्या माणसाने शेवटी काय निवडलं, याकडे मी बोट दाखवते आणि पुढे जाते. कारण त्याचा अर्थ ‘अर्ज व्यर्थ असतात’ एवढाच काढला तर तो मला कोता वाटेल. त्या अर्जांमुळेच सातारचा अन्याय कागदावर राहिला, आणि शंभर वर्षांनी प्रबोधनकार ठाकऱ्यांना प्रतापसिंह आणि रंगो बापूजींवर जाडजूड पुस्तक लिहिता आलं.

(साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात पुढे शाळा भरायची. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथे भीमराव नावाच्या एका मुलाचं नाव दाखल झालं. आज ती शाळा प्रतापसिंहांच्याच नावाने ओळखली जाते. मला यातून काही सिद्ध करायचं नाही. तिथून जाताना दर वेळी आठवतं, एवढंच.)

बाहेरच्या माणसाने खरोखर हात लावला आणि काम झालं, असं उदाहरण हवं असेल तर परत औंधला जावं लागतं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, चित्रं काढणारे, सूर्यनमस्काराच्या नादाने झपाटलेले. १९३८ मध्ये त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना झाली. मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने, आणि त्यात मोठा वाटा मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश ज्यू इंजिनिअरचा. वॉर्सात जन्मलेला हा माणूस म्हैसूर राज्याच्या वीजसामानाच्या कारखान्यात नोकरीला आला होता. राजपुत्र अप्पासाहेब पंतांशी त्याची गाठ पडली आणि तो औंधचाच झाला. भगवी वस्त्रं, ‘भारतानंद’ हे नाव. घटना अशी: गावोगाव निवडलेली पंचायत, पंचायतींमधून तालुका, तालुक्यांमधून वरची सभा. ७२ गावांचं चिमुकलं राज्य, पण सत्तेचा उगम खाली ठेवलेला.

आटपाडीजवळ त्याच वर्षी भिंती नसलेला तुरुंग सुरू झाला, स्वतंत्रपूर. खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी तिथे शेती करत. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा ती. चित्रपट लिहिणारे गदिमा त्याच माणदेशातले, औंधच्या शाळेत शिकलेले.

फ्रीडमन इतर सल्लागारांपेक्षा वेगळा का वाटतो, यावर मी बराच विचार केला. तो संस्थानात राहिला हे एक. राजाने विचारल्यावर बोलला हे दुसरं. पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की औंधला लोकशाही यावी यातून त्याच्या देशाला, पक्षाला किंवा कारखान्याला काहीही मिळणार नव्हतं. उलट जानेवारीत इथे घटना झाली आणि सप्टेंबरमध्ये जर्मनीने त्याचा पोलंड गिळायला सुरुवात केली. यमाईच्या डोंगराखाली बसून त्याने ती बातमी कशी ऐकली असेल? एका परक्या खेड्यात पंचायत उभी राहतेय आणि आपलं गाव जळतंय. तेव्हाही ‘औंधचं औंध बघेल’ म्हणून निघून जावं असं त्याला वाटलं नाही. तो शेवटपर्यंत या देशात राहिला.

तरीही औंध म्हटलं की माझ्या मनात एक कुसळ राहतंच. ती लोकशाही राजाने दिली होती. राजा भला होता, ठीक. पण भलेपणावर टेकलेली गोष्ट ही थॉम्पसनच्या भाषणांच्याच जातीची. कुंडलच्या माळावर कवायत करणाऱ्या पोरांना मात्र कुणी काही दिलं नव्हतं. गंमत अशी, की ती कवायत चालली ती या भल्या राजाच्या हद्दीत. दिलेली लोकशाही आणि घेतलेली लोकशाही एकाच तालुक्यात एकमेकींना सांभाळून होत्या.

औंधचे अप्पासाहेब पंत पुढे भारताचे पूर्व आफ्रिकेतले प्रतिनिधी म्हणून १९४८ मध्ये नैरोबीला गेले. आता भूमिका उलटली होती, बाहेरचा माणूस सातारकर होता. त्यांनी आफ्रिकी नेत्यांशी मैत्री केली, तिथल्या मुलांना भारतात शिकायला पाठवलं, आणि गोऱ्या वसाहतवाल्यांच्या डोळ्यांत खुपले. ऑक्टोबर १९५२ मध्ये जोमो केन्याटांना अटक झाली. कापेन्गुरियाच्या आडबाजूच्या गावात खटला चालला. बचावाच्या बाकावर कोण होतं बघा: इंग्लंडचे माजी खासदार डी. एन. प्रिट, भारताचे संसद सदस्य दिवाण चमनलाल, नायजेरियाचे एच. ओ. डेव्हिस, जमैकाचे डडली थॉम्पसन, आणि केनियातले भारतीय वंशाचे तरुण वकील. त्यात एक गोवेकर, फिट्झ डिसोझा, जे पुढे स्वतंत्र केनियाच्या संसदेचे उपसभापती झाले. त्याच दिवसांत ब्रिटिश खासदार फेनर ब्रॉकवे आणि लेस्ली हेल केनियात जाऊन आले. हेच ब्रॉकवे जुलै १९३० मध्ये भारतावर चर्चा हवी म्हणून हट्टाला पेटले आणि कॉमन्समधून निलंबित झाले होते.

ब्रॉकवेंच्या त्या निलंबनाची एक शेपटी सांगितल्याशिवाय राहवत नाही. निषेध म्हणून जॉन बेकेट नावाच्या खासदाराने सभागृहातला राजदंड उचलून चालू पडायचा प्रयत्न केला. भारतासाठी एवढं धाडस! चार वर्षांनी हाच बेकेट मोस्लीच्या फॅसिस्ट संघटनेत सामील झाला. दुसऱ्याच्या लोकशाहीवर प्रेम करणाऱ्याला स्वतःच्या घरची लोकशाही आवडेलच असं नाही.

कापेन्गुरियालाही बचाव पक्ष हरला. एप्रिल १९५३ मध्ये केन्याटांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि १९५४ मध्ये अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. दहा वर्षांनी केनिया स्वतंत्र झाला, केन्याटा नेते झाले. गोष्ट इथे संपली असती तर मी ती ग्रुपवर टाकली असती. पण १९६५ मध्ये पिओ गामा पिंटो, गोव्याच्या मुक्तीसाठीही झटलेले, केनियाच्या संसदेचे सदस्य असलेले, त्यांना नैरोबीत गोळ्या घालून मारलं गेलं. १९६९ मध्ये केन्याटा सरकारने विरोधी पक्षावर बंदी घातली आणि त्याचे नेते ओगिंगा ओडिंगा यांना तुरुंगात टाकलं. चार देशांचे वकील ज्याच्या बाजूने उभे राहिले, तोच उद्या दुसऱ्याला आत टाकतो. मग कापेन्गुरियाला जाणं चूक होतं का? मला तसं वाटत नाही. ते एका आरोपीच्या न्याय्य सुनावणीसाठी गेले होते, त्याच्या पुढच्या आयुष्याची हमी द्यायला नव्हे. पण १९५३ मध्ये त्याच्याजवळ उभं राहिलेल्याने १९६९ मध्ये ओडिंगांजवळही उभं राहायला हवं. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड, कारण आता समोर मित्र असतो.

आणि आपण? ऑक्टोबर १९७५ मध्ये राष्ट्रकुल देशांच्या संसद सदस्यांची परिषद दिल्लीत भरली. देशोदेशींचे लोकप्रतिनिधी, भाषणं, भोजनं, संसदीय परंपरांचा गौरव. तेव्हा आणीबाणीला चार महिने झाले होते. आपले मधु दंडवते, राजापूरचे खासदार, जूनमध्ये एका संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला गेलेले असताना वाजपेयी आणि अडवाणींबरोबर अटकेत पडले होते. प्रमिलाताई दंडवते येरवड्यात होत्या. परराष्ट्र मंत्री कोण? यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्राचे. कुंडलहून देवराष्ट्र काही फार लांब नाही. बेचाळीसच्या भूमिगत चळवळीत ते स्वतः होते, पोलिसांना चुकवत फिरले होते.

यशवंतरावांबद्दल आमच्याकडे कुणी वाकडं बोलत नाही, मलाही ते जमत नाही. घरात त्यांचा फोटो आहे. पण जगाच्या शंकांना उत्तर देण्याचं खातं त्या दिवसांत त्यांच्याकडे होतं. हद्दीचा आधार घेणाऱ्या मुलखातला माणूस आता हद्दीच्या आतून बाहेरच्यांना सामोरा जात होता. त्यांना मनातून काय वाटत होतं, याचा मी अंदाज करणार नाही. दिल्लीतली ती परिषद मात्र मला राहून राहून आठवते, कारण लोकप्रतिनिधींच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचं ते सर्वांत सोपं रूप आहे: जमायचं, एकमेकांच्या सभागृहांची स्तुती करायची, आणि यजमानाच्या घरातल्या बंद खोलीकडे बघायचं नाही. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, इंटर-पार्लमेंटरी युनियनने एक समिती नेमली. जगभर छळ होणाऱ्या खासदारांच्या तक्रारी ऐकायच्या, संबंधित सरकारला विचारायचं, उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं. ती समिती आजही आहे. तिच्या हातात पोलीस नाहीत, कुणाला सोडवण्याचा अधिकार नाही. पुन्हा पुन्हा बेल दाबते.

हे सगळं एकदम लिहून काढलं नाही. ग्रुपवर तुकड्या-तुकड्याने टाकत गेले. रंगो बापूजींना अंगठे पडले, औंधला त्याहून जास्त. आणीबाणीवर काकांनी ‘जुनी मढी कशाला उकरतेस’ असं लिहिलं. शेवटी दादाने विचारलं, आणि बरोबर विचारलं, “आपल्याबद्दल दुसऱ्यांनी बोलायचं की नाही हे राहू दे. तू कधी दुसऱ्यांबद्दल बोललीस का? म्यानमारमध्ये काय झालं ते माहितीय तुला?”

मला नीट माहीत नव्हतं. जुजबी बातम्या वाचल्या होत्या. म्हणजे विश्रामबागचे हेडफोन माझ्या कानात अजून होतेच. मग बसून वाचलं. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथे नव्या संसदेची पहिली बैठक भरायची होती. निवडून आलेले सदस्य राजधानीत जमले होते. पहाटे लष्कराने आँग सान स्यू की आणि इतर नेत्यांना पकडलं आणि संसद भरलीच नाही. जे निसटले त्यांच्यातले काही आपल्याकडे आले. मिझोराम आणि म्यानमारच्या चिन प्रांतामध्ये टिआऊ नावाची नदी आहे. ती ओलांडून हजारो लोक आले, त्यांच्यात निवडून आलेले लोकप्रतिनिधी होते, चिन प्रांताचे मुख्यमंत्रीही होते. लोंढा अडवावा अशा सूचना दिल्लीहून आल्या होत्या. मिझोरामच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, की ही आमचीच माणसं आहेत, आम्हाला डोळे मिटता येणार नाहीत.

मी हे ग्रुपवर टाकलं. रात्रीचे साडेदहा झाले होते. दादा यंत्रमागाच्या शेडमध्ये असणार, रात्रपाळी असली की तो जागा असतो. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं, मला वाटलं आता मोठं काहीतरी येणार.

त्याने एवढंच विचारलं, “त्या लोकांना खायला कोण घालतंय?”

मी लिहिलं, गावकरीच. चर्चवाले आणि तिथली तरुणांची संघटना घरोघर तांदूळ गोळा करतात, असं वाचलंय.